कोरडा दिवस

वनखात्याचा बोर्ड घाटाच्या तिसऱ्या पायरीपाशी आहे:
सावधान, नदीपात्रात मगरींचा वावर आहे.
खाली कुणीतरी खडूनं लिहिलंय,
पोहायला शिकवले जाईल.

गुरुवारी सकाळी पलीकडच्या मळीवर ती येऊन पडली
आणि अर्धी भिलवडी घाटावर आली.
डेअरीला दूध घालून थेट आलेले, किटल्या हातातच.
"बारा फूट." "न्हाई ओ, चौदा."
"गेल्या साली म्हस वढली ती हीच."
भूपाल मगदूम मोबाईल उंच धरून
सांगलीतल्या मेव्हण्याला लाइव्ह दाखवत होता.
ती आ वासून निपचित,
जबड्यात ऊन भरून घेत.

मी सगळ्यांच्या पाठीमागून गेलो.
खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी, पांढरी वाटी,
औषधाची बाटली, गेरूचा खडा.
गाव घाटावर असलं की कंटेनर सर्व्हे लवकर उरकतो.

घर क्रमांक एकशे बारा: रांजण दोन. ठीक.
एकशे तेरा: फ्रीजमागचा ट्रे.
बॅटरी मारली आणि त्या वळवळल्या,
पाण्यात स्वल्पविराम सांडल्यासारख्या,
उजेडाला घाबरून खाली,
श्वासासाठी पुन्हा वर.
माणसाला सगळ्यात जास्त मारणारं जनावर
या वयात इतकं भित्रं असतं.

प्रशिक्षणात साहेबांनी पडद्यावर यादी दाखवली होती,
मगर, नाग, घोणस, पिसाळलेलं कुत्रं,
आणि सगळ्यांच्या वर हिचं चित्र.
मागच्या रांगेतले हसले. मीही हसलो.
तेव्हा एकशे सोळा नंबरला मी फक्त रांजण बघायला जायचो.

एकशे सोळा. ईश्वरा भोई.
चाळीस वर्षं होडी. मगरी त्याला नावानिशी ठाऊक,
शेपूट तुटकी ती बांडी, आज आलेली ती थोरली.
"ती कुणाच्या वाटंला जात न्हाई," म्हणतो,
"आपूनच तिच्या वाटंत धुणं घिऊन बसतो."
तरी नातीला त्यानं कधी पाण्यात पाय घालू दिला नाही.
रोहिणी. सहावी ब.
बोर्डाच्या खाली उतरायची तिला परवानगी नव्हती.

तिला चावलं ते दिवसाढवळ्या, घरात, गणितं सोडवताना.
या डासाच्या मादीच्या पायांवर पांढरे पट्टे असतात,
शाळेच्या मोज्यांसारखे.
सोमवारी ताप. बुधवारी पुरळ.
शुक्रवारी मिरजेला नेलं.
आमच्याकडं 'मिरजेला नेलं' म्हटलं
की पुढचं विचारताना माणूस आवाज खाली घेतो.
प्लेटलेट अकरा हजार, डॉक्टर म्हणाले.
ईश्वरा म्हणाला, अकरा हजार म्हंजी पुष्कळ की ओ.

तेव्हा कुणी मोबाईल उंच धरला नाही.
बघायला काही नव्हतंच.

परसात पेरूला सुतळीनं टांगलेली करवंटी,
चिमण्यांच्या पाण्यासाठी. तिनंच बांधलेली.
पहिल्यांदा वाकून बघितलं तेव्हा आत
सात-आठ स्वल्पविराम.
मी ते त्याला सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.
दर गुरुवारी मी ती पालथी करायचो,
दर गुरुवारी तो मागून तांब्या घेऊन यायचा.
"पाखरं येत्यात, सायेब."
मी कोरडा दिवस समजावून द्यायचो:
आठवड्यातून एकदा, घासून, पुसून, उन्हात.
तो मान हलवायचा आणि भरायचा.

आज करवंटी झाडावर नव्हती.
राखेनं घासून त्यानं ती पायरीवर वाळत ठेवलेली,
आणि पहारा दिल्यासारखा शेजारी बसलेला.
"सांजच्यापातूर कोरडी ठिवतो. मग भरतो.
चालतंय न्हवं?"
चालतंय, म्हणालो.
एक चिमणी फांदीवर आली,
नुसत्या सुतळीकडं बघत राहिली.

मी चौकटीवर गेरूनं तारीख घातली.
घाटावरून एकदम गलका उठला,
थोरली पाण्यात उतरली असणार.
ईश्वरानं तिकडं मान वळवली नाही.
मनगट डोळ्यांजवळ धरून
तो हलक्या श्वासानं
पट्टे मोजत होता.